ई ड्राइव्ह काढून डी वाढवला आणि संगणक ‘ग्रब रेस्क्यू’वर थांबला

अक्षरजुळणी

नमस्कार. आमच्या घरी अक्षरजुळणी आणि पानांच्या मांडणीचे काम चालते. त्यासाठीच्या डेस्कटॉपवर विंडोज १० आणि लिनक्स मिंट अशा दोन प्रणाली आहेत. श्री-लिपी आणि पेजमेकरमधील जुन्या फायलींसाठी विंडोज लागते. पीडीएफ तपासणे, चित्रे स्वच्छ करणे, पत्रव्यवहार हे बाकीचे सगळे मी मिंटमध्ये करते. संगणक जुन्या बायोस पद्धतीचा आहे. जोडणी करून देणाऱ्याने एक टेराबाइटच्या डिस्कवर आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे सी, डी आणि ई असे ड्राइव्ह पाडून दिले होते आणि ई च्या मागे राखून ठेवलेल्या जागेत मी नंतर मिंट बसवले.

डी भरत आला होता आणि ई बराचसा रिकामा होता, म्हणून मिंटच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला, ई मधील सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या, जीपार्टेड या पार्टिशने (डिस्कचे पाडलेले भाग) बदलण्याच्या साधनात ई पार्टिशन काढले आणि मोकळी झालेली जागा डी ला जोडली. सर्व कामे यशस्वी झाल्याचे जीपार्टेडने दाखवले. पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केल्यावर मात्र काळ्या पडद्यावर ‘एरर: अननोन फाइलसिस्टम’, त्याखाली ‘एंटरिंग रेस्क्यू मोड’ आणि शेवटी ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच येते. प्रणाली निवडण्याची यादीच येत नसल्यामुळे विंडोजही उघडता येत नाही.

एका दिवाळी अंकाची पाने डी वर आहेत. पेनड्राइव्हवरून पाहिले असता त्या फायली दिसतात आणि उघडतातही. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. मिंटच्या पार्टिशनला मी हात लावलेला नसताना त्याची फाइलसिस्टम, म्हणजे फायली ठेवण्याची रचना, ‘अननोन’ कशी झाली? आणि काहीही पुसले न जाता दोन्ही प्रणाली परत कशा मिळतील?

दगडफूल

विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून दुरुस्तीच्या विभागात जाऊन कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘बूटरेक’ला ‘फिक्सएमबीआर’ हा पर्याय देऊन चालवा. विंडोज लगेच सुरू होईल. अंकाचे काम आधी पूर्ण करा, मिंटचे नंतर पाहता येईल.

वाटाड्या

संदेशाचा सरळ अर्थ असा दिसतो की मिंटच्या पार्टिशनची फाइलसिस्टम बिघडली आहे. मोठ्या पार्टिशनचे आकार बदलताना असे होऊ शकते. पेनड्राइव्हवरून त्या पार्टिशनवर ‘एफएससीके’ ही फाइलसिस्टम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा चालवून पाहावी, आणि त्याने भागले नाही तर मिंट नव्याने बसवावे. डी वरील फायली दिसत आहेत, तेव्हा त्यांची एक प्रत मात्र आजच काढून ठेवावी.

नीरक्षीर

फायलींची प्रत काढण्याच्या सूचनेशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र ‘एफएससीके’ किंवा पुन्हा बसवणे यांपैकी काहीही आताच करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. संदेशात ‘अननोन फाइलसिस्टम’ असे आहे, पण कोणत्या पार्टिशनची हे त्यात सांगितलेले नाही. ग्रब, म्हणजे प्रणाली निवडून सुरू करणारा बूट लोडर, ज्या पार्टिशनकडे पाहतो आहे ते मिंटचेच आहे, असे आपण गृहीत धरतो आहोत.

अक्षरजुळणी, पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा ‘-एफ’ या पर्यायासह चालवा आणि पार्टिशनांची यादी येथे द्या. ही आज्ञा केवळ वाचते, डिस्कवर काहीही लिहीत नाही. ई काढण्यापूर्वीची यादी कुठे नोंदवलेली असेल तर तीही द्यावी. (या धाग्यात आज्ञा देवनागरीत येत आहेत, टंकताना त्या अर्थातच रोमन लिपीत लिहायच्या आहेत.)

अक्षरजुळणी

डी ची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली आहे, त्यामुळे आता थोड्या शांतपणे विचार करता येतो आहे. यादी अशी: एसडीए१ हे विंडोजचे ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड’, ५०० एमबी, एसडीए२ म्हणजे सी, एसडीए३ हे एक्स्टेंडेड, एसडीए५ म्हणजे वाढवलेला डी, एसडीए६ पुढे ‘ईएक्सटी४’ (लिनक्सची फाइलसिस्टम) असे आहे, आणि एसडीए७ पुढे ‘स्वॅप’ (मेमरीला पूरक जागा).

पूर्वीची यादी मिंट बसवताना वहीत लिहून ठेवली होती. तेव्हा एसडीए५ डी, एसडीए६ ई, एसडीए७ मिंट आणि एसडीए८ स्वॅप असे होते.

नीरक्षीर

वहीतील त्या नोंदीमुळे निदान पक्के झाले. तुमच्या मिंटला काहीही झालेले नाही.

एमबीआर या जुन्या बायोसबरोबर चालणाऱ्या पद्धतीच्या डिस्कवर पहिला सेक्टर ५१२ बाइटचा असतो. त्यातील ४४६ बाइट बूट करणाऱ्या कोडसाठी, ६४ बाइट पार्टिशनांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखचिन्हासाठी असतात. तक्त्यातील प्रत्येक नोंद १६ बाइटची असल्यामुळे तेथे चारच पार्टिशनांना जागा मिळते. चारपेक्षा अधिक पार्टिशने हवी असतील तर त्यांपैकी एक ‘एक्स्टेंडेड’ करून त्याच्या पोटात लॉजिकल पार्टिशने करावी लागतात, आणि लिनक्स त्यांना ५ पासून पुढे क्रमांक देते. हे क्रमांक डिस्कवर कुठेही कोरलेले नसतात. लॉजिकल पार्टिशने एकमेकांना साखळीने जोडलेली असतात आणि त्या साखळीतील स्थानावरून क्रमांक ठरतो. तुम्ही साखळीतील दुसरी कडी, म्हणजे ई, काढली. त्यामुळे मिंट ७ वरून ६ वर आले आणि स्वॅप ८ वरून ७ वर.

आता ग्रबकडे पाहू. पहिल्या सेक्टरमध्ये त्याचा अगदी लहान भाग मावतो. त्यानंतरचा ‘कोअर’ हा भाग पहिला सेक्टर आणि पहिले पार्टिशन यांच्यामधील मोकळ्या जागेत लिहिलेला असतो. यादी दाखवणारा आणि इतर सर्व कामे करणारा मोठा भाग मिंटच्या पार्टिशनमध्ये ‘/बूट/ग्रब’ या फोल्डरात असतो. त्या फोल्डरापर्यंत पोहोचण्यासाठी ‘कोअर’मध्ये एक पत्ता नोंदवलेला असतो, ज्याला ‘प्रीफिक्स’ म्हणतात. तुमच्या संगणकात तो पत्ता अजूनही ‘सातव्या पार्टिशनमधील /बूट/ग्रब’ असाच आहे. गल्लीतले एक घर पाडल्यावर पुढच्या घरांचे क्रमांक बदलावेत आणि पोस्टमनच्या हाती जुनीच वही राहावी, असे हे झाले आहे. ग्रब सातव्या दारी गेला, तेथे त्याला स्वॅप सापडले, आणि स्वॅप ही फाइलसिस्टमच नसल्यामुळे त्याने ‘अननोन फाइलसिस्टम’ म्हटले. तुमच्याकडे शेवटी स्वॅप नसते तर सातवे पार्टिशन उरलेच नसते आणि याच घटनेसाठी ‘नो सच पार्टिशन’ असा संदेश आला असता.

वाटाड्या यांनी सुचवलेली ‘एफएससीके’ जुन्या क्रमांकावर विश्वासून एसडीए७ वर चालवली असती, तर ती स्वॅपवर चालली असती आणि तेथे ईएक्सटी४ ची खूण न सापडल्यामुळे ‘फाइलसिस्टम नष्ट झाली’ हा समज आणखी घट्ट झाला असता. तिथून फॉरमॅट करण्यापर्यंतचे अंतर फार थोडे असते, म्हणून आधी थांबवले.

वाटाड्या

हे स्पष्टीकरण मला पटले. संदेश कोणत्या पार्टिशनविषयी आहे हा प्रश्न आधी विचारायला हवा, हे ध्यानात ठेवीन. डी च्या प्रतीबद्दल मात्र मी ठाम आहे. निदान कितीही सोपे निघाले तरी ती प्रत आधी घ्यावी.

रामप्रहर

नीरक्षीर यांच्या उत्तरात थोडी जुनी भर घालतो, कारण हा प्रश्न ग्रबपेक्षाही जुना आहे. लिलो हा बूट लोडर ज्यांनी वापरला असेल त्यांना आठवेल की त्याला फाइलसिस्टम वाचताच येत नसे. कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, डिस्कवर नेमका कोणत्या सेक्टरांत आहे त्याचा नकाशा तो आधीच करून ठेवीत असे. त्यामुळे कर्नेल बदलला, पार्टिशन सरकवले किंवा फाइल नुसती दुसरीकडे हलवली, तरी ‘लिलो’ ही आज्ञा पुन्हा चालवावी लागे. ती राहून गेली की पडद्यावर त्या नावाची सुरुवातीची काही अक्षरे उमटून संगणक थांबे, आणि किती अक्षरे उमटली यावरून गाडी कुठे अडली ते ओळखता येई. त्यानंतरच्या जुन्या ग्रबमध्ये अक्षरांऐवजी क्रमांक आले. ‘एरर १७’ म्हणजे निवडलेले पार्टिशन जोडता येत नाही, ‘एरर २२’ म्हणजे असे पार्टिशनच नाही. आजच्या ग्रबला फाइलसिस्टम वाचता येते ही मोठी सोय आहे, परंतु ती वाचण्यासाठी कुठे जायचे हे त्यालाही कुणीतरी सांगावेच लागते.

अक्षरजुळणी

नीरक्षीर, मनापासून आभार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. आता ‘ग्रब रेस्क्यू’समोर नेमके काय टंकायचे ते सांगाल का?

नीरक्षीर

आधी नुसते ‘एलएस’ टंका. डिस्क आणि पार्टिशनांची यादी येईल, उदाहरणार्थ ‘(एचडी०,एमएसडॉस६)’. बाहेरची डिस्क जोडलेली असेल तर ती काढून ठेवावी, म्हणजे गोंधळ होणार नाही. मग एकेका पार्टिशनात डोकावून पाहा: ‘एलएस (एचडी०,एमएसडॉस६)/’. शेवटची तिरकी रेघ विसरू नये. ‘बूट’, ‘इटीसी’, ‘होम’ अशी फोल्डरे दिसली की ते मिंट होय.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तिने अनेक जण घाबरतात. या अवस्थेत ग्रबजवळ ‘कोअर’मध्ये भरलेलीच मॉड्यूले असतात आणि तुमच्या मांडणीत त्यांत ईएक्सटी वाचणारे मॉड्यूल असेल, विंडोजची एनटीएफएस फाइलसिस्टम वाचणारे नसेल. म्हणून सी आणि डी पाहतानाही ‘अननोन फाइलसिस्टम’ असेच येईल. त्याचा अर्थ डी वरील फायली गेल्या असा मुळीच नाही.

मग या चार ओळी एकामागून एक टंकाव्यात:

सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस६)/बूट/ग्रब
सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस६)
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

चौथ्या ओळीनंतर नेहमीची यादी दिसली पाहिजे. यादीतील नोंदींमध्येही जुने क्रमांक असतात, पण त्यांच्याबरोबर फाइलसिस्टमचा यूयूआयडी (तिचा स्वतंत्र ओळखक्रमांक) शोधण्याची आज्ञा असते आणि यूयूआयडी बदललेला नाही, म्हणून मिंट सुरू होईल. ही व्यवस्था त्या एका वेळेपुरतीच टिकते. मिंट सुरू होताच टर्मिनलमध्ये ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए’ आणि त्यानंतर ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवावे. पहिल्या आज्ञेत पूर्ण डिस्कचे नाव द्यायचे आहे, एसडीए६ नव्हे.

दगडफूल

एवढे सगळे टंकण्याऐवजी मिंटच्या पेनड्राइव्हवरील ‘बूट रिपेअर’ का वापरू नये? लाइव्ह सत्राच्या मेनूत ते आधीपासूनच असते आणि एका बटणावर हेच काम करते. ज्यांना ओळी टंकण्याचा सराव नाही त्यांच्यावर हा भार कशासाठी? आणि माझ्या ‘फिक्सएमबीआर’च्या सूचनेला कुणी उत्तर दिलेले नाही. ती आज्ञा पार्टिशनांच्या तक्त्याला हात लावत नाही, केवळ बूट कोड बदलते. वेळेचे काम अडलेले असताना तो मार्ग चुकीचा कसा ठरतो?

नीरक्षीर

तो चुकीचा नाही आणि तुम्ही सांगता ते तथ्य अचूक आहे. ‘फिक्सएमबीआर’ने विंडोजचा सर्वसाधारण कोड पहिल्या सेक्टरमध्ये येईल, तो सक्रिय पार्टिशन म्हणजे एसडीए१ शोधेल आणि विंडोज सुरू होईल. तक्त्याची चौसष्ट बाइट अबाधित राहतील. परंतु मग मिंटकडे जाण्यासाठी पेनड्राइव्हवरूनच यावे लागेल आणि ग्रब पुन्हा बसवावे लागेल. ज्याला दोन्ही प्रणाली हव्या आहेत त्याच्यासाठी तो लांबचा रस्ता आहे. विंडोजचा पेनड्राइव्ह हाताशी नसेल तर आणखीच लांबचा.

‘बूट रिपेअर’बद्दलही मला आकस नाही. त्यातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ते तयार करते तो अहवाल. डिस्कवर कुठे कोणता बूट लोडर आहे, तो कोणत्या पार्टिशनकडे पाहतो, एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणती पार्टिशने जोडायची त्या यादीत) काय आहे हे सगळे त्यात एकत्र मिळते. कुणाला मदत मागायची असेल तर आधी तो अहवाल घ्यावा आणि त्यानंतर दुरुस्तीचे बटण दाबावे. ‘रेकमेंडेड रिपेअर’ काय करणार आहे हे न पाहता दाबले, तर एकापेक्षा अधिक डिस्क असलेल्या संगणकावर ग्रब नको त्या डिस्कवरही जाऊ शकतो.

कोयनाकाठ

एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणक मी सांभाळतो. या चार ओळी लिहिलेला कागद मी तेथील भिंतीवर लावून ठेवला आहे. एक पुरवणी: पेनड्राइव्हवरून सुरू करून ग्रब बसवायचा असेल तर मिंटचे पार्टिशन ‘एमएनटी’वर जोडून, ‘डेव्ह’, ‘प्रोक’ आणि ‘सिस’ हे तिन्ही ‘माउंट --बाइंड’ने आत घेऊन, ‘सीएचरूट’ करून मगच ग्रब-इन्स्टॉल चालवावे. तसे केले म्हणजे डिस्कवरील प्रणालीचाच ग्रब बसतो. पेनड्राइव्हवरील ग्रबची आवृत्ती वेगळी असेल आणि ‘कोअर’ एका आवृत्तीचा, मॉड्यूले दुसऱ्या आवृत्तीची अशी स्थिती झाली, तर ‘सिम्बॉल नॉट फाउंड’ असा नवाच संदेश येतो आणि माणूस पुन्हा रेस्क्यूवर येऊन थांबतो.

राइनकाठ

मी जर्मनीत राहतो आणि येथील मराठी मित्रांच्या लॅपटॉपवर हेच काम वारंवार करतो. त्यांतील बहुतेक यंत्रे यूईएफआय (बायोसची जागा घेणारी) आणि जीपीटी (एमबीआरची जागा घेणारी) या पद्धतींची असतात. हा धागा पुढे शोधून वाचणाऱ्यांपैकी अनेकांची यंत्रेही तशीच असतील, म्हणून वेगळे लिहितो, कारण वरील चार ओळी त्यांना तशाच्या तशा लागू पडणार नाहीत.

जीपीटीमध्ये लॉजिकल पार्टिशने नसतात. तक्त्यात सामान्यतः १२८ नोंदींची जागा असते आणि मधले पार्टिशन काढले तरी पुढचे क्रमांक सरकत नाहीत. त्यामुळे अक्षरजुळणी यांच्याकडे घडले ते तेथे सहसा घडत नाही. तेथे बिघाड होतो तो दुसऱ्या पत्त्यांमुळे. मदरबोर्डच्या स्मृतीत प्रत्येक बूट नोंदीबरोबर ईएसपीचा, म्हणजे बूट लोडर ठेवलेल्या एफएटी३२ पार्टिशनचा, विशिष्ट ओळखक्रमांक, सुरुवात आणि आकार नोंदवलेले असतात. विंडोजने केलेले ईएसपी बहुधा १०० एमबीचे असते. ते अपुरे पडते म्हणून काही जण ते काढून मोठे करतात. नव्या ईएसपीत जुन्याच फायली ठेवल्या, तरी त्याचा ओळखक्रमांक नवा असल्यामुळे जुनी नोंद निरुपयोगी होते. अशा वेळी ‘ईएफआयबूटएमजीआर -व्ही’ने दिसणारा क्रमांक आणि ‘बीएलकेआयडी’ने दिसणारा पार्टयूयूआयडी शेजारी ठेवून पाहावेत. ते जुळत नसतील तर रोग सापडला. मात्र त्यासाठी पेनड्राइव्हही यूईएफआय पद्धतीनेच सुरू केलेला हवा; ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हे फोल्डर अस्तित्वात असेल तर तो तसा सुरू झाला आहे असे समजावे.

दुसरा प्रकार असा की ‘रेस्क्यू’ हा शब्द नसलेले नुसते ‘ग्रब’ येते. उबुंटू आणि मिंटमध्ये ईएसपीच्या ‘ईएफआय/उबुंटू’ फोल्डरात एक छोटी ग्रब.सीएफजी असते आणि तीत मुख्य पार्टिशनचा यूयूआयडी लिहिलेला असतो. लिनक्सचे पार्टिशन नव्याने फॉरमॅट करून त्यात जुन्या फायली ओतल्या की यूयूआयडी बदलतो आणि ग्रब तेथेच उभा राहतो. त्या छोट्या फायलीतील यूयूआयडी बरोबरच एफएसटॅबमधीलही सुधारावा लागतो.

विंडोजच्या बाजूने ‘०एक्ससी०००००ई’ ही चूक आली तर बीसीडी या तिच्या बूट नोंदवहीकडे पाहावे. एमबीआर डिस्कवर बीसीडीत डिस्कची सही आणि पार्टिशनची सुरुवात नोंदवलेली असते. म्हणून सी ड्राइव्ह उजवीकडून लहान केल्यास काही होत नाही, पण त्याची डावी कड सरकवली की नोंद खोटी ठरते. यूईएफआय यंत्रावर दुरुस्तीसाठी मी ‘बीसीडीबूट’ वापरतो: ‘डिस्कपार्ट’ने ईएसपीला एस हे अक्षर द्यायचे आणि ‘बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’ चालवायचे. दुरुस्तीच्या वातावरणात सी हे अक्षर भलत्याच पार्टिशनला मिळालेले असू शकते, म्हणून ‘लिस्ट व्हॉल्यूम’ आधी पाहावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे संरक्षण, सुरू असेल तर आकार बदलण्यापूर्वी किंवा बूट लोडरला हात लावण्यापूर्वी ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवावी आणि संरक्षण तात्पुरते स्थगित करावे. बूट होण्याच्या साखळीत बदल दिसला की विंडोज ती की मागते. ती हाती नसेल तर त्या पार्टिशनवरील फायली कुणालाही परत मिळवून देता येत नाहीत. या धाग्यातील बाकी प्रत्येक बिघाड दुरुस्त होण्याजोगा आहे, हा एक तसा नाही.

मांडवीतीर

राइनकाठ, फार उपयुक्त माहिती. पार्टिशनांना हात लावण्याची वेळ अनेकांवर विंडोजच्या रिकव्हरी पार्टिशनमुळेही आली. जानेवारी २०२४ मधील केबी५०३४४४१ या अद्ययावतीकरणासाठी त्या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा लागत होती आणि ती नसेल तर ‘०एक्स८००७०६४३’ ही चूक येत असे. तेव्हा सी लहान करून रिकव्हरी पार्टिशन मोठे करण्याची कृती सर्वत्र फिरली. ज्यांच्या डिस्कवर सी च्या मागे रिकव्हरी आणि त्याच्या मागे लिनक्स असा क्रम होता, त्यांनी ती करताना आधी ‘रीएजंटसी /इन्फो’ने कोणते पार्टिशन वापरात आहे ते पाहणे आवश्यक होते.

मला एक विचारायचे आहे. माझ्याकडे ग्रबची यादी येते, मिंटऐवजी दुसरे वितरण बसवल्यापासून विंडोज मात्र तीत दिसत नाही. हा त्याच वर्गातील बिघाड आहे का?

कोयनाकाठ

नाही, तो बिघाडच नाही. ग्रबच्या २.०६ या २०२१ मधील आवृत्तीपासून दुसऱ्या प्रणाली शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ मूळ ग्रबमध्ये सुरक्षेच्या कारणाने बंद ठेवलेला असतो. ‘/इटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फायलीत ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ अशी ओळ लिहून ग्रबची यादी पुन्हा तयार करावी. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर तेही बंद करावे. ते चालू असल्यास ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेली राहते, एनटीएफएस पार्टिशन लिनक्समध्ये नीट जोडले जात नाही आणि जीपार्टेडही त्याचा आकार बदलण्यास नकार देते. विंडोजमध्ये प्रशासक म्हणून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ चालवले की हायबरनेशनबरोबर तेही बंद होते.

अक्षरजुळणी

सांगितल्याप्रमाणे केले. सहाव्या पार्टिशनमध्ये फोल्डरे दिसली आणि चार ओळींनंतर यादी आली, तेव्हा घरातील सगळेच पडद्याभोवती जमले होते. मिंट निवडल्यावर मात्र लोगोवर बराच वेळ थांबून ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ अशी ओळ आली, दीड मिनिटाची मोजणी संपली आणि ‘इमर्जन्सी मोड’ असे लिहून आले. परत फिरून यादीतून विंडोज निवडले, तर तिने डी ड्राइव्हची तपासणी करायला घेतली आहे. ती मध्येच थांबवावी का?

नीरक्षीर

मुळीच थांबवू नका. जीपार्टेड एनटीएफएसचा आकार बदलते तेव्हा पुढच्या वेळी विंडोजने त्याची तपासणी करावी अशी खूण ठेवते. ही तपासणी अपेक्षितच आहे. ती संपल्यावर विंडोज एकदा व्यवस्थित बंद करून पुन्हा सुरू करावी आणि मगच मिंटकडे वळावे.

मिंटविषयी: ती दीड मिनिटाची वाट कोणत्या तरी यूयूआयडीची आहे. ‘/इटीसी/एफएसटॅब’मध्ये ई आपोआप जोडण्यासाठी ओळ लिहिलेली होती का?

अक्षरजुळणी

होय, चित्रांचा संग्रह ई वर असल्यामुळे तशी ओळ लिहिली होती.

नीरक्षीर

तर मग तेच कारण आहे. ते पार्टिशन आता अस्तित्वात नाही, आणि ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय नसेल तर प्रणाली त्याला अत्यावश्यक मानून नव्वद सेकंद वाट पाहते व थांबते. पेनड्राइव्हवरून मिंटचे पार्टिशन उघडून त्या ओळीच्या आरंभी ‘#’ हे चिन्ह टाकावे. विंडोजच्या ड्राइव्हसाठी लिहिलेल्या प्रत्येक ओळीत ‘नोफेल’ असावाच, अशी माझी सर्वांना विनंती आहे. डेटाचे पार्टिशन सापडले नाही म्हणून पूर्ण प्रणाली अडण्याचे कारण नाही.

स्वॅप तुम्ही पुन्हा फॉरमॅट केलेले नाही, त्यामुळे त्याचा यूयूआयडी जुनाच असेल. तो बदललेला असता तर एफएसटॅबबरोबरच ‘इनिटरॅमएफएस-टूल्स’च्या ‘रिझ्यूम’ या फायलीतही तो सुधारून ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ चालवावे लागले असते, अन्यथा प्रत्येक वेळी सुरू होताना विनाकारण विलंब होत राहतो.

रामप्रहर

येथपर्यंत आलोच आहोत तर पुढे कुणी हे काम हाती घेणार असेल त्यांच्यासाठी लिहितो. आकार बदलण्यापूर्वी ‘एसएफडिस्क -डी’ने पार्टिशनांचा तक्ता एका साध्या मजकुराच्या फायलीत उतरवून ती फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. अक्षरजुळणी यांच्या वहीने आज जे काम केले ते ती फाइल करील, शिवाय तिच्यात प्रत्येक पार्टिशनची सुरुवात आणि आकार सेक्टरांत असतो.

पार्टिशनची उजवी कड हलवणे आणि डावी कड हलवणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, हे पुरेसे सांगितले जात नाही. उजवी कड हलवताना फाइलसिस्टमच्या नोंदी आणि फार तर काही फायली सरकतात. डावी कड हलवली की आतील सगळा डेटा डिस्कवर एका जागेहून दुसऱ्या जागी वाहून न्यावा लागतो, त्याला काही तास लागू शकतात आणि त्या काळात वीज गेली तर परिस्थिती खरोखर बिकट होते. आमच्या तालुक्यात दुपारी वीज जाणे नेहमीचे आहे, म्हणून येथे डेस्कटॉपवर असे काम यूपीएसशिवाय आणि भर दुपारी करू नये असे मी प्रत्येकाला सांगतो. लॅपटॉप असेल तर तो चार्जरला जोडलेला आणि बॅटरी भरलेली असावी.

राइनकाठ

रामप्रहर यांच्याशी सहमत. एक भर: टेस्टडिस्क हे हरवलेली पार्टिशने शोधणारे फार उत्तम साधन आहे, परंतु पार्टिशनांचा तक्ता धड असताना त्याने नवा तक्ता लिहू नये. अक्षरजुळणी यांच्यासारख्या प्रसंगात तक्ता अगदी बरोबर होता. चुकीचा होता तो ग्रबजवळचा पत्ता. तेथे टेस्टडिस्कने जुने ई पार्टिशन ‘शोधून’ परत लिहिले असते तर वाढवलेल्या डी चाच काही भाग त्याच्याखाली आला असता.

दगडफूल

मला अजूनही असे वाटते की कामाच्या यंत्रावर दोन प्रणालींसाठी दोन वेगळ्या डिस्क असाव्यात. एसएसडी आता परवडतात. विंडोज एका डिस्कवर, लिनक्स दुसऱ्यावर, आणि कोणती सुरू करायची हे बायोसच्या बूट मेनूतून ठरवायचे. म्हणजे एका बाजूला पार्टिशने हलली तरी दुसरी बाजू चालू राहते.

कोयनाकाठ

डेस्कटॉपसाठी हा विचार पूर्णपणे योग्य आहे आणि आमच्या प्रयोगशाळेतील नव्या यंत्रांवर मी तेच करतो. लिनक्स बसवताना बूट लोडरसाठी दुसरीच डिस्क निवडली आहे ना, एवढे पाहावे. यूईएफआय यंत्रावर तर काही इन्स्टॉलर पहिल्या डिस्कवरील ईएसपीतच ग्रब टाकतात, म्हणून बसवताना विंडोजची डिस्क शक्य असल्यास काढूनच ठेवावी.

अक्षरजुळणी

एफएसटॅबमधील ई ची ओळ बंद केली, मिंट सुरू झाले, ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब दोन्ही कोणतीही चूक न दाखवता पूर्ण झाले. पेनड्राइव्ह काढून दोन्ही प्रणाली आळीपाळीने सुरू करून पाहिल्या. विंडोजची तपासणीही पूर्ण झाली आहे आणि डी आता पूर्ण आकाराने दिसतो. अंकाची पाने उघडली. सर्वांचे आभार, विशेषतः पहिल्याच टप्प्यावर हात थांबवल्याबद्दल नीरक्षीर यांचे.

एक शेवटची अडचण उरली आहे. पेजमेकरमधील जुन्या पानांवरील चित्रांचे दुवे ई ड्राइव्हकडे जातात. ती चित्रे मी बाहेरच्या डिस्कवरून डी वरील एका फोल्डरात आणली आहेत, पण प्रत्येक पान उघडून दुवा बदलणे फार वेळखाऊ आहे.

मांडवीतीर

विंडोजमध्ये ‘सब्स्ट ई: डी:\’ आणि त्यापुढे फोल्डराचे नाव असे लिहून कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवा. ते फोल्डर ई ड्राइव्ह म्हणून दिसू लागेल आणि जुने दुवे जसेच्या तसे चालतील. मात्र ई वर फोल्डरांची जी रचना होती तीच आतमध्ये असली पाहिजे. संगणक पुन्हा सुरू केल्यावर ही जोडणी राहत नाही, म्हणून ती ओळ एका बॅच फायलीत लिहून ती फाइल स्टार्टअप फोल्डरात ठेवावी. पेनड्राइव्ह जोडल्यावर विंडोजने ई हे अक्षर त्यालाच देऊन टाकले, तर सब्स्ट नकार देईल. तसे झाल्यास डिस्क मॅनेजमेंटमधून पेनड्राइव्हचे अक्षर बदलून घ्यावे.